कुजलेलें मूळ आणि शेजाऱ्याचा बांध

ज्या फळास पुण्याकडे लाल भोपळा म्हणतात त्यास आपल्या वऱ्हाडांत कोहळें म्हणतात. उकिरड्याच्या कडेस आपोआप उगवावें, कुडावरून छपरावर चढावें, आणि फारशी चाकरी न घेतां घरास भाजी पुरवावी, असा हा गरीब वेल आहे. त्याच्या मुळाच्या कुजण्यावरून नीतीचा विचार करावयास बसलेल्या मनुष्यास वाचक हंसले तर नवल नाहीं. परंतु मोठे प्रश्न मोठ्या ठिकाणींच उपजतात असें नाहीं. पुष्कळदां ते बांधावर, विहिरीच्या थारोळ्यापाशीं आणि दोन शेजाऱ्यांच्या बोलण्यांत उपजतात. प्रस्तुत प्रश्न असाच आहे. माझ्या शेतांतील रोग हा माझ्या एकट्याचा विषय आहे काय? आणि तो मला समजला असतां मी गप्प बसलों, तर त्या गप्प बसण्यास काय नांव द्यावें?

प्रथम मोठ्या कोहळ्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हें फळ मोठ्यांत मोठें करून दाखविण्याची हौस परदेशांत जुनी आहे. १९०० सालीं पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत कॅनडांतील विल्यम वॉर्नॉक नांवाच्या गृहस्थानें ४०० पौंडांचें, म्हणजे सुमारें १८१ किलोंचें, कोहळें मांडिलें. १९०४ सालीं अमेरिकेंत सेंट लुइस येथें त्याचेंच ४०३ पौंडांचें फळ आलें, व तो विक्रम पुढें सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. त्यानंतर नोव्हा स्कोशिया प्रांतांतील हॉवर्ड डिल ह्या शेतकऱ्यानें वर्षानुवर्षें बीं निवडून ‘अटलांटिक जायंट’ ही जात तयार केली, आणि आज बहुतेक सर्व विक्रमी फळें तिच्याच वंशांतील असतात. २०२५ च्या आक्टोबरांत इंग्लंडांतील स्टुअर्ट व इयन पेटन ह्या जुळ्या भावांचें कोहळें १,२७८ किलोंहून अधिक, म्हणजे पावणेतेरा क्विंटलांचें भरलें.

हें फळ वाढविणारे लोक वेलावर एकच फळ राखितात व बाकीचीं खुडून टाकितात. वेलाच्या प्रत्येक पेऱ्यापाशीं मूळ फुटण्याचा गुण असल्यामुळें तीं पेरें मातींत दाबून नवीं मुळें धरवितात. भर वाढींत असें फळ दिवसास पंधरा-वीस किलोंनीं वाढतें. खावयास मात्र तें पाणचट व बेचव असतें. ज्यांनीं हा उद्योग केला आहे त्यांस खरी धास्ती असते ती फळाची नव्हे, तर खोडाच्या बुडाची व मुळांची. मुख्य मूळ कुजलें तरी पेऱ्यांच्या मुळांवर वेल कांहीं दिवस तग धरतो. पानें हिरवीं आहेत, फळ फुगत आहे, पाहणारे वाहवा करीत आहेत, आणि मातींत मूळ नासत आहे, अशी स्थिति बरेच दिवस चालूं शकते.

कांहीं वर्षांपूर्वीं मलाही हा मोह झाला. आमचें शेत घाटावर, चिखली व मेहकर ह्यांच्या दरम्यान आहे. माती काळी व भारी. एका आप्तानें मोठ्या जातीचें बीं आणून दिलें, तें मीं मृगांत विहिरीजवळच्या वाफ्यांत टोकलें व गाडीभर शेणखत घातलें. वेल पसरला, एक फळ राखिलें. तें आधीं तांब्याएवढें, मग घागरीएवढें, मग रांजणाएवढें झालें. येणारेजाणारे थांबून पाहूं लागले. तालुक्याच्या ठिकाणीं कृषि-प्रदर्शन भरावयाचें होतें, तेथें तें मांडावें असें माझ्या मनानें घेतलें. श्रावणांत पावसानें पंधरा दिवसांचा खंड दिला, तेव्हां पंप लावून मी सकाळ-संध्याकाळ पाणी सोडूं लागलों.

एके दिवशीं दुपारीं पानांनीं माना टाकिल्या. मीं पाणी वाढविलें. दुसऱ्या दिवशीं पानें अधिक लवकर मलूल झालीं. मीं आणखी पाणी दिलें. शेजारच्या शेताचे मालक, ज्यांस आम्ही सारे आबा म्हणतों, बांधावरून पाहत होते. ते म्हणाले, “भाऊ, वेल तहानला नाहीं, बुडाला आहे. पाणी बंद कर.” चार माणसांदेखत ते असें बोलले म्हणून मला तें लागलें. मी म्हणालों, “आबा, ऊन कडक आहे. आणि साऱ्या गांवाची नजर लागली आहे त्याला.”

त्याच सायंकाळीं, आसपास कोणी नाहीं असें पाहून, मीं खुरप्यानें बुडाजवळची माती उकरली. मूळ तपकिरी व मऊ झालें होतें. बारीक मुळी चिमटींत धरून ओढितांच वरची साल सरकून हातांत आली व आंत सुतासारखी शीर तेवढी उरली. घाण वास येत होता. मीं माती परत लोटली, हात धुतले, आणि घरीं येऊन कोणास कांहीं सांगितलें नाहीं.

मातींत काय घडत होतें तें आतां सांगतों. काळी माती पाणी प्याली म्हणजे फुगते, तिचीं छिद्रें मिटतात व निचरा मंदावतो. मुळांस पाण्याइतकीच हवेचीही गरज असते; ती न मिळाल्यास तीं गुदमरतात. अशा मुळांवर पिथियम, फायटॉप्थोरा इत्यादि नांवांच्या बुरशा चाल करितात. शास्त्रज्ञ म्हणतात कीं ह्या दोन्ही खऱ्या बुरशा नसून पाण्यांतील शेवाळाच्या नात्यांतील जीव आहेत. परंतु शेतकरी त्यांस बुरशी म्हणतो, व कामापुरतें तें नांव पुरे आहे. त्यांचे बीजाणु दोन सूक्ष्म शेपट्यांच्या साहाय्यानें पाण्यांत पोहतात आणि मुळांतून स्रवणाऱ्या रसाचा माग काढीत मुळापर्यंत पोहोंचतात. शिवाय जाड कवचाचे आणखी एका प्रकारचे बीजाणु असतात, ते पीक निघून गेल्यावरही मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. म्हणजे दुपारीं वेल सुकतो तो मातींत पाणी नाहीं म्हणून नव्हे, तर पाणी ओढणारें मूळच उरलें नाहीं म्हणून. आणि मालक मात्र त्यास आणखी पाणी पाजून शत्रूस होडी पुरवीत असतो.

लहानपणीं आम्हांस ताकीद असे कीं, कोंवळ्या कोहळ्याकडे बोट दाखवूं नये, दाखविल्यास तें कुजतें; दाखवावयाचेंच तर बोट मुडपून दाखवावें. वास्तविक कोंवळें फळ पिवळें पडून गळतें तें बहुधा मादीफुलास पराग न मिळाल्यामुळें. मधमाशी फिरकली नाहीं, एवढेंच त्याचें कारण. परंतु ह्या समजुतींत मनुष्यस्वभावाची एक खूण आहे. आपलें नुकसान झालें म्हणजे तें कोणाच्या बोटानें किंवा नजरेनें झालें असें म्हणावयास आपण सदा तयार असतों. स्वतःच्या हातांतील पाण्याच्या नळीकडे पाहत नाहीं.

हा दोष अडाणी खेडुतांचाच आहे असें कोणी समजूं नये. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याचें पीक एकाएकीं काळें पडून कुजलें. तेथील गरिबांचें अन्न बटाटाच असल्यामुळें पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासानें व तापानें मेलीं, आणि दहा लक्षांहून अधिक देश सोडून गेलीं. त्या वेळीं कोणी दमट हवेस दोष दिला, कोणी नव्या आगगाड्यांनीं हवेंत पसरविलेल्या विजेस, कोणी ईश्वरी कोपास. इंग्लंडांतील खेड्यांत पाळकाचें काम करणारे माइल्स जोसेफ बर्कले ह्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्रांतून रोगट पानें तपासून १८४६ सालीं लिहिलें कीं, पानांवरील बुरशी हा कुजण्याचा परिणाम नव्हे, तेंच त्याचें कारण होय. पुष्कळ विद्वानांनीं तें मानिलें नाहीं. पुढें १८६१ सालीं आंतोन द बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें तें सिद्ध केलें, आणि १८७६ सालीं त्यानें त्या जीवास ‘फायटॉप्थोरा’, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा, हें कुलनाम दिलें. ह्याच कुळांतील एका जातीचें वर्णन जे. एफ. दस्तूर ह्या आपल्या देशांतील संशोधकानें १९१३ सालीं एरंडीवरून केलें. पुढें ते नागपुरास मध्यप्रांत सरकारच्या शेतकी खात्यांत होते, व वऱ्हाड त्या काळीं त्याच प्रांतास जोडलेला होता. आज विदर्भांतील संत्र्याच्या मुळांस कुजवून खोडांतून डिंक गाळणाऱ्या जीवांत त्या जातीची गणना होते. तेव्हां आयर्लंडांतील ही गोष्ट आपल्या बांधापासून फार दूरची नाहीं.

आतां माझ्या गप्प बसण्याकडे येतों. माझ्या वाफ्याचा पाट आबांच्या शेताकडे उतरत होता. बांधापलीकडे त्यांचा दोडक्याचा व कारल्याचा मांडव होता. तो माल आठवडी बाजारांत विकून नातीच्या शिक्षणाची फी भरावयाची, असा त्यांचा बेत होता. दोडकें व कारलें हीं दोन्हीं कोहळ्याच्याच कुळांतील. जो रोग एकास तो बहुधा सर्वांस. हें मला ठाऊक होतें. परंतु वेल उपटला तर फळ जाईल, फळ गेलें तर प्रदर्शन जाईल, आणि वर आबांचें बोलणें खरें ठरेल! ह्या तिन्हींपैकीं भय कशाचें अधिक होतें असें कोणीं विचारल्यास, आज लाज वाटते तरी सांगतों, तिसऱ्याचें.

असे आठ दिवस गेले. आठव्या रात्रीं भाद्रपदांतला मोठा पाऊस आला. वाफा भरला, पाट वाहिला, बांध एके ठिकाणीं फुटला, आणि सारें पाणी मांडवाखालून गेलें. दहाबारा दिवसांनीं आबांच्या वेलांनीं माना टाकिल्या. माझें कोहळेंही देंठाकडून सडलें व प्रदर्शनास गेलें नाहीं. माझा भ्रमाचा भोपळा फुटला तो असा. पण त्यांचें काय?

दोष कोणाचा, ह्याविषयीं मीं स्वतःशीं पुष्कळ वकिली केली. ती येथें मांडतों, कारण अशी वकिली थोड्याफार फरकानें प्रत्येकाच्या मनांत चालत असते.

पहिली सबब अशी कीं, रोग माझ्या वाफ्यांतूनच गेला ह्यास पुरावा काय? हे बीजाणु बहुतेक मातींत थोडेबहुत असतात. आबांच्या मातींत आधींपासूनच असतील. हें खरें आहे, आणि कोणतेंही न्यायालय मला दोषी ठरविणार नाहीं. परंतु पुरावा नाहीं म्हणजे दोष नाहीं असें होत नाहीं. न्यायाधीश विचारतो, काय सिद्ध झालें? विवेक विचारतो, तुला काय ठाऊक होतें?

दुसरी सबब अशी कीं, बांध पावसानें फोडिला, मीं फोडिला नाहीं. येथें दोन प्रकारच्या पाण्यांत भेद केला पाहिजे. २०२३ च्या जुलैंत घाटाखालीं संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टि झाली, नद्यानाले फुटून शेतेंच्या शेतें पाण्याखालीं गेलीं व कित्येकांची माती खरवडून गेली. त्या पाण्याबरोबर कोणाचा रोग कोणाच्या शेतांत गेला ह्याचा हिशेब कोण मागेल? तें पाणी कोणाच्या हातचें नव्हतें. पण माझा पाट माझ्या हातचा होता. भाद्रपदांत पाऊस येतो ही कांहीं अनपेक्षित गोष्ट नव्हे. पाटाचें तोंड दुसरीकडे वळविण्यास फावड्याचें एक तासाचें काम होतें. जें टाळणें माझ्या शक्तीबाहेर होतें त्याबद्दल मी दोषी नाहीं. जें एका तासांत टाळतां आलें असतें त्याचा भार पावसावर टाकणें हें बोट दाखविणेंच होय.

तिसरी सबब अशी कीं, सांगितलें असतें तरी उपयोग काय? कुजलेलें मूळ कोणत्याही औषधानें पुन्हा ताजें होत नाहीं. हेंही खरें. परंतु आबांचीं मुळें त्या दिवशीं कुजलेलीं नव्हतीं. त्यांस समजलें असतें तर त्यांनीं बांधालगत चर काढिला असता, वेलांचीं बुडें मातीची भर देऊन उंच केलीं असतीं, शेणखतांत ट्रायकोडर्मा मिसळून घातला असता, किंवा हातीं आलेला माल लवकर तोडून बाजारास नेला असता. कदाचित् इतकें करूनही मांडव गेला असता. पण काय करावयाचें तें ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि माझ्या मौनानें तो त्यांच्यापासून काढून घेतला. मीं त्यांचें पीक घालविलें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. त्यांचे आठ दिवस मीं घेतले हें निश्चित आहे.

चौथी सबब सर्वांत गोड आहे: शेत माझें, वेल माझा, मूळ माझें, मीं कोणास कां सांगावें? मालकी बांधापाशीं संपते, पण पाणी बांधापाशीं थांबत नाहीं. संत्र्याच्या कलमांचा विचार करा. आपल्याकडे संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरितात, आणि जंबेरीचें मूळ ह्या रोगास लवकर बळी पडतें. पिशवींतील माती रोगट आहे हें ठाऊक असून एखाद्यानें कलम विकलें, तर घेणारा तें मुलासारखें जोपासतो. चारपांच वर्षांनीं बहार धरावयाच्या वेळीं झाड पिवळें पडून वाळूं लागतें, आणि तोंपर्यंत विकणाऱ्याचें नांवही कोणास आठवत नाहीं. एका दिवसाच्या मौनाची किंमत दुसरा मनुष्य पांच वर्षें भरीत राहतो. आवळा देऊन कोहळा काढणें ह्या म्हणीचें ह्याहून वाईट उदाहरण कोणतें असेल?

येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही ऐकिलें पाहिजे. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्यानें आपल्या मळ्यांत रोग आहे असें बाजारांत सांगितलें, तर व्यापारी लगेच भाव पाडील. खरें बोलणारा एकटाच बुडेल, व झांकणारे तरतील. ही अडचण खोटी नाहीं. म्हणून हें कर्तव्य सांगणाऱ्यावर जितकें आहे तितकेंच ऐकणाऱ्यावरही आहे. जो प्रथम येऊन म्हणतो, “माझ्या शेतांत मर लागली आहे, तुम्ही जपा,” त्यास गांवानें हंसावें, त्याचा माल नाकारावा, त्याच्या आळशीपणाची चर्चा करावी, हें दुप्पट पाप होय. कारण त्यायोगें पुढील दहा माणसें माती परत लोटून घरीं जावयास शिकतात. मी आबांच्या बोलण्यानें दुखावलों हा माझा गर्व होता. पण भोंवतालचीं चार माणसें त्या वेळीं हंसलीं हेंही मी विसरूं शकत नाहीं.

सांगण्यानें किती हित होतें ह्याचा एक दाखला आहे. फ्रान्स देशांत बोर्दो शहराजवळ द्राक्षांचे मळेवाले रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद व चुना ह्यांचें मिश्रण शिंपडीत असत. हेतु इतकाच कीं, वाटसरूंनीं विषाच्या भयानें द्राक्षें तोडूं नयेत. त्या सुमारास केवडा रोगानें तेथील मळे ओस पडत होते. १८८२ सालीं मिलार्दे नांवाच्या अध्यापकानें पाहिलें कीं, रस्त्याकडेच्या त्या वेलांचीं पानें तेवढीं टिकलीं आहेत. त्यानें प्रयोग करून १८८५ सालीं ती कृति सर्वांस जाहीर केली. हेंच आपलें बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी ह्यांचा लेप आजही वऱ्हाडांतील बागाइतदार पावसाळ्यापूर्वीं व नंतर संत्र्याच्या खोडास देतात. मिलार्देनें पाहिलेलें स्वतःपाशीं ठेविलें असतें तर कोण त्यास चोर म्हणणार होतें? रोगाचें ज्ञान आणि उपायाचें ज्ञान हीं दोन्हीं शेजाऱ्याच्या हक्काचीं आहेत.

अखेरीस मी आबांकडे गेलों. ते वाळलेला मांडव उतरवीत होते. मीं सर्व सांगितलें: उकरलेलें मूळ, परत लोटलेली माती, सारें. ते दोर सोडवीत ऐकत होते. मला वाटलें, रागावतील, भरपाई मागतील. त्यांनीं एवढेंच विचारलें, “केव्हां समजलें तुला?”

मी म्हणालों, “पाऊस येण्याआधीं आठ दिवस, आबा.”

ते पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. त्या एका प्रश्नापुढें माझ्या चारही सबबी लटक्या पडल्या. रोग कोठून आला, बांध कोणीं फोडिला, उपाय होता कीं नव्हता, ह्यांपैकीं कशाचीही त्यांनीं चौकशी केली नाहीं.

त्या वर्षीं नातीची फी मीं भरली. तो उपकार नव्हता, व आबांनींही तो तसा मानिला नाहीं. रोगट वेल आम्हीं दोघांनीं मुळासकट काढून जाळले, बांधालगत कमरेइतका चर खणला, आणि तीन वर्षें त्या दोन्ही तुकड्यांत काकडीच्या कुळांतलें कांहीं न लावितां ज्वारी व हरभरा पेरला. आतां कोहळें लावितों तें गादीवाफ्यावर, आणि पाणी देण्यापूर्वीं वीतभर माती उकरून ओल पाहतों. फळें आठदहा किलोंचीं होतात व भाजीस गोड लागतात. आबा थकले आहेत. पण अजून बांधावर येऊन उभे राहतात, आणि माझ्या शेतांत कांहीं मलूल दिसलें कीं त्यांनीं विचारण्याआधीं मीच सांगतों.

वाचकहो, प्रत्येकाच्या वाफ्यांत केव्हांना केव्हां मूळ कुजतेंच. त्याची लाज धरूं नये. परंतु एखाद्या सायंकाळीं आपण कांहीं उकरून पाहिलें असेल व माती परत लोटून घरीं आलों असूं, तर पाऊस येण्यापूर्वीं बांध ओलांडून शेजाऱ्याकडे जावें. उद्यां तोही विचारील, केव्हां समजलें? त्याला काय उत्तर द्यावयाचें तें आजच आपल्या हातीं आहे.